न ओरडणारा मीटर

आमचे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, आयुष्यभर एका मीटरशी बोलले. माणसांशी बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप! कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक सर्किटचा व्होल्टेज तो मीटर मोजायचा. काय आणि कसं मोजायचं, ते दाजींचा कॉम्प्युटर त्याला कमांड पाठवून सांगायचा. कमांड चुकली की मीटर 'टीं' करून बोंबलायचा. दाजी हसायचे, "बघ, शिव्या घालतोय मला."

मीटर म्हातारा झाला, नवा आला. साहेबांनी बजावलं, "सगळ्या कमांड नव्याला कळतील अशा करून द्या. नाही जमलं तर तुम्ही घरी." त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? दाजी तहानभूक विसरून कामाला लागले. जेवतानाही कमांडच पुटपुटायचे. समोर ताई बसलेली असायची. तिनं स्वतःचे कपडे दोनदा उसवून आत घेतले होते, पण त्या भल्या माणसाला दिसेल तर शपथ!

नव्या मीटरनं एकदाही टीं केलं नाही. "शहाणं बाळ आहे," दाजी म्हणाले. तिथंच घात झाला. न कळलेली कमांड हे बाळ मुकाट गिळायचं. चूक आत साठवायचं आणि विचारली तरच सांगायचं. विचारायची कमांड वेगळी होती, ती दाजींनी कधी पाठवलीच नाही. जुना न विचारता ओरडायचा ना! रेंज, म्हणजे मोजायची पट्टी, बदलायची कमांड रोज गिळली जात होती, आकडे चुकत होते, खराब माल पास होत होता. सगळा परत आला. साहेबांनी दाजींकडून मीटरच्या खोलीच्या चाव्या काढून घेतल्या आणि त्यांना घरी पाठवलं.

दाजी भरदुपारी घरी आले तेव्हा मी तिथंच होतो. डोकं धरून बसले. "सगळं आतच ठेवलं होतं रे त्यानं. नुसतं विचारलं असतं तर..." बोलता बोलता थांबले आणि ताईकडे बघत राहिले. किती वर्षांनी, देव जाणे.

"तुला काही होतंय का गं?"

"होतंय," ताई म्हणाली. "पोटात. कधीचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. दाजींना धरून गदागदा हलवावं असं वाटलं मला. पण हलवून उपयोग काय, कप्पाळ?

आता दाजी तिच्या उशाशी बसून सारखं विचारतात, "दुखतंय का गं?"

ताई म्हणते, "नाही हो." आणि भिंतीकडे तोंड करते.