भाग त्रेसष्ट, पान सत्त्याण्णव

केशवले मीच बुडवलं. लोकं आजकाल भलतंच सांगत फिरतात, म्हणून लिहून ठेवतो. कोणी म्हणते, पुस्तकं वाचून वाचून त्याचं डोकं फिरलं. डोकं-बिकं काही फिरलं नव्हतं. माणूस ठणठणीत होता. चूक माह्या हातची होती, अन्‌ त्या चुकीपेक्षा मोठं पाप म्हणजे मी सात वर्षं तोंड शिवून बसलो.

वर्ध्यात गोल बाजाराच्या मागे माही लायब्ररी होती, भाड्यानं पुस्तकं द्यायची. मले सगळे बंडूजी म्हणत. घराणं किराण्याचं, पण तेल-मिठात माहं मन रमलं नाई. बापाशी भांडलो अन्‌ पुस्तकं मांडली. नव्वद सालच्या आसपास आमच्या इथं सगळ्यात जास्त काय चालत असन, तं ‘शून्यपार’ मालिका. पुण्याहून दर महिन्याले एक पातळ पुस्तक यायचं. ‘उल्का’ नावाचं अंतराळयान, त्याचा कप्तान आदिनाथ, यानावरची डॉक्टर तारिणी. शंभराच्या वर भाग निघाले. एकेक भाग इतक्या हातांतून जायचा का चार महिन्यांत त्याच्या चिंध्या व्हायच्या. मंग मी तो उसवायचो, दाभणानं पुन्हा शिवायचो, खळ लावून पुठ्ठा चढवायचो.

केशव समुद्रपूरले एका सरकारी कचेरीत कारकून होता. टपाल घ्यायचं, टपाल पाठवायचं, बस. घर पिपरी मेघेले, तिथून रोज यष्टीनं जाणं-येणं. शिपाई समोर बसलेला असतानी साहेब याले म्हणायचा, “ए केशव, पाणी आण.” अन्‌ हा आणून द्यायचा. एकदा मले त्यानं हे सांगितलं अन्‌ वरतून हसला. मले हसू नाई आलं, राग आला. साहेबाचाही अन्‌ याचाही.

शनिवारी संध्याकाळी माह्या दुकानापुढं दहा-बारा जण जमायचे. वाद एकच, तारिणी मेली का नाई. झालं असं होतं का त्रेसष्टावा भाग वर्ध्याले आलाच नव्हता. पार्सल वाटेत गहाळ झालं. चौसष्टाव्या भागात तारिणी एकदम नाईच. बासष्टात होती, चौसष्टात गायब. सदाशिवराव म्हणून निवृत्त मास्तर होते. त्यायचं म्हणणं असं का ती मेली, खरी मालिका तिथंच संपली, अन्‌ पुढचे भाग प्रकाशकानं भाडोत्री माणसाकडून लिहून घेतले. “चौसष्टपासून पुढं सारी रद्दी,” असं ते म्हणायचे. ती रद्दी दर महिन्याले सगळ्यात पहिले घेऊन जाणारेही तेच.

नव्वदच्या दिवाळीनंतर मले नागपूरच्या रद्दीवाल्याजवळ त्रेसष्टावा भाग सापडला. पुठ्ठा नाई, पानं सुटलेले. त्याच दुपारी मी एकविसावा भागही शिवायले काढला होता; लय जुना भाग, त्यातलं कोणाले फारसं आठवतही नव्हतं. दोन्ही एकाच टेबलावर पसरले. मले घाई होती, लोकं दारात उभे होते. शिवलं, खळ लावली, दाबून ठेवलं, दिलं.

पहिला नंबर केशवचा. पुढच्या शनिवारी तो आला अन्‌ उभ्यानंच त्यानं वाचून दाखवलं. पान शहाण्णववर यानाचं दार बंद होते, तारिणी बाहेर अंतराळात राह्यते. पान सत्त्याण्णववर पहिलं वाक्य, ‘तारिणीने डोळे उघडले.’ समोर कप्तान बसलेला. ती त्याले म्हणते, “कुणाला कळू देऊ नकोस.” अन्‌ सोळा पानांनंतर, एकशे तेरावर, यानावरचे सगळे तिच्या नावानं रडून राह्यले, कप्तान धरून.

“मंग कप्तान काऊन रडून राह्यला?” केशवनं विचारलं. “सोंग आहे ते. त्यानं तिले लपवलं. पुढच्या भागांत यानाले वाट दाखवणारा अनोळखी आवाज येते ना, तो तारिणीचा आहे. म्हणजे आधीचं अन्‌ नंतरचं सगळं एकाच माणसानं लिहिलं, अन्‌ सगळं खरं आहे.”

सदाशिवरावनं पुस्तक हातात घेऊन ते पान स्वतः वाचलं, मंग पहिल्यांदा मान डोलावली. त्या दिवसापासून केशवचा केशवराव झाला. काही अडलं का लोकं म्हणायचे, “थांबा, केशवरावले विचारू.” सावंगीचे डॉक्टरीचे पोरं सायकली हाणत त्याले ऐकायले यायचे. त्यातला नाशिकचा एक जण एकदा म्हणाला, “आमच्या घरच्या प्रतीत हे असं नाही.” केशवनं शांतपणे विचारलं, “आवृत्ती कोणती?” तो म्हणाला, दुसरी असावी. “दुसऱ्या आवृत्तीत गाळलं असन,” केशव म्हणाला. झालं, पोरगं गार. केशवनं मंग कोश लिहायले घेतला. मालिकेतला प्रत्येक माणूस, प्रत्येक ग्रह, प्रत्येक घटना, अन्‌ प्रत्येक नोंदीले आधार त्या सोळा पानांचा.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात अनुसयाबाई म्हणून एक मेंबर एकविसावा भाग परत घेऊन आल्या. “बंडूजी, याच्यातले मधातले सोळा पानं कुठं गेले?” त्यायनं विचारलं. मी पाह्यलं. शहाण्णवनंतर सरळ एकशे तेरा. मले टेबल आठवलं. त्रेसष्टावा भाग काढला, दोन्ही शेजारी ठेवले, अन्‌ घोळ ध्यानात आला. एकविसाव्यात तारिणीले ताप येते अन्‌ ती ही गोष्ट कप्तानाले लपवायले सांगते. रद्दीतल्या त्रेसष्टात ते सोळा पानं नव्हतेच, अन्‌ मी आंधळ्यानं त्याच नंबराचे दुसरे पानं शिवून टाकले होते.

त्याच शनिवारी सांगायचं मी पक्कं ठरवलं होतं. केशव आला. त्या दिवशी कचेरीत त्याची बढती दुसऱ्याले गेलती, तोंड उतरलेलं होतं. मंग कोणीतरी विचारलं, “केशवराव, ते आवाजाचं पुन्हा सांगा ना,” अन्‌ माणूस पाहता पाहता सरळ होऊन बसला. कसं सांगू? मी एकविसावा भाग कपाटात कुलूप लावून ठेवला अन्‌ हरवला म्हणून सांगून मोकळा झालो.

मोकळा कायचा! कोशासाठी त्याले एकविसावा पाह्यजेच होता, प्रकाशकाकडंही तो संपला होता. बाकी सगळ्या भागांच्या नोंदी झाल्या, एवढाच राह्यला. रविवारी तो हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या लायब्रऱ्या पालथ्या घालायचा. सोमवारी यष्टीले जायच्या आधी माह्या दुकानासमोरून सांगत जायचा, “नाई भेटला, बंडू.” मी म्हणायचो, “भेटन.” रविवार आला का मी उगाच कपाटाचं कुलूप तपासायचो. जेवण जायचं नाई. बायको म्हणायची, तुमचं काय हरवलं? सात वर्षं मी असे रविवार काढले. कुलूप उघडून ते पुस्तक जाळायची हिंमतही झाली नाई.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात पुण्याहून पत्र आलं. मालिकेच्या वाचकांचा मेळावा, खुद्द लेखक येणार, अन्‌ कोशाबद्दल ऐकून केशवले वीस मिनिटं बोलायचं आमंत्रण. गाडी सोमवारची. “तुही त्रेसष्टची प्रत घेऊन जातो,” केशव म्हणाला. “लेखकाच्याच हातात देतो. सत्त्याण्णव पान त्यायच्याच तोंडून वाचून घेतो.” लेखक एका नजरेत ओळखन. हजार लोकांपुढं हसू होईन माह्या माणसाचं.

गुरुवारी मी सांगायले त्याच्या घरी गेलतो. सुमतीबाई, त्याची बायको, त्याच्या नवीन शर्टाले इस्त्री करून राह्यली होती. केशवनं मले बसवलं अन्‌ भाषण वाचून दाखवलं, मधात दोनदा थांबून घड्याळ पाह्यलं का वीस मिनिटांत बसते का नाई. सुमतीबाईले ते पाठच झालं होतं; तो अडखळला का ती इस्त्री फिरवता फिरवता पुढचा शब्द सांगायची. मी चहा घेतला अन्‌ उठलो. फाटकाजवळ मी म्हटलं, “केशव, एक सांगायचं होतं.” तो म्हणाला, “सांग ना.” मी म्हटलं, “पुण्याले थंडी असन, स्वेटर ठेवजो.” एवढं बोलून मी भित्रा पळून आलो.

एकट्याले सांगायची माही छाती नव्हती. म्हणून मी शनिवारी सांगितलं, सगळे होते तेव्हा. वाटलं, चार लोकं असले का सांभाळून घेतीन. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवले अन्‌ एका दमात बोलून टाकलं.

पहिले कोणाले कळलंच नाई. कळलं तेव्हा सदाशिवराव हसले, खोकला येईपर्यंत हसले. मंग बाकीचे. सावंगीचे पोरं तं एकमेकांच्या अंगावर पडले. त्यात वाईटपणा नव्हता, गोष्टच तशी होती. केशव हसला नाई. त्यानं दोन्ही पुस्तकं उघडले, दोरा पाह्यला, पानं मोजले, पुन्हा मोजले. मंग माह्याकडं पाह्यलं.

“तुले कधीपासून माहीत होतं?”

कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “सात वर्षं झाले.”

त्यानं पुस्तकं नीट बंद केले, एकावर एक ठेवले, अन्‌ सायकल घेऊन निघून गेला. मांगून कोणीतरी ओरडलं, “ओ केशवराव, आवृत्ती कोणती?” पुन्हा हशा झाला. मी त्या पोराच्या कानाखाली वाजवली. त्यानं काय होते?

सोमवारची गाडी गेली, केशव गेला नाई. आठ दिवस वाट पाहून मी पिपरीले गेलो. फाटकावर सुमतीबाई आली. तिनं फाटक उघडलं नाई.

“ते घरी नाईत,” ती म्हणाली. मांगं खिडकीत तो मले दिसून राह्यला होता, पाठ करून बसलेला.

“वहिनी, मी त्याच्या भल्यासाठीच सांगितलं,” मी म्हटलं. “पुण्यात एवढ्या लोकांपुढं फजिती झाली असती त्याची.”

“पुण्यातले लोकं परके होते, भाऊजी,” ती म्हणाली. “तिथं कितीही हसले असते, तरी हे वापस येऊन शनिवारी तुमच्या दुकानात बसले असते ना. आता कुठं बसतीन?”