फ्लोराताई आधी बोलल्या नाहीत

श्रीमती फ्लोराताई आवासकर यांची आणि माझी पहिली भेट एका प्राथमिक शाळेच्या वाचनालयात झाली. आम्ही दोघेही सहा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या खुर्च्यांवर बसलो होतो. मी नुकताच निवृत्त झालो होतो. लंडनमधील स्टॅनमोरजवळच्या तीन सरकारी शाळा एकत्र चालवणाऱ्या एका लहानशा ट्रस्टला गव्हर्नर, म्हणजे शाळांवर देखरेख ठेवणारा बिनपगारी सदस्य, हवा होता आणि तशी सूचना माझी पत्नी शालिनी हिने फलकावर वाचली होती. त्या तिन्हींपैकी सर्वांत लहान शाळेत ती मुलांना वाचायला मदत करण्याचे अर्धवेळ काम करीत असे. फ्लोराताई ट्रस्टच्या अध्यक्षा होत्या. मी माझ्या अनुभवाचे तीन पानी टिपण सोबत नेले होते. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, घडी घालून परत दिले आणि स्वच्छ मराठीत विचारले, "लिमयेसाहेब, हे सगळं छान आहे. पण कंटाळवाण्या बैठकीत तुम्हाला झोप येते का?"

"आजवर आलेली नाही," मी म्हणालो.

"मग या. पगार नाही, मान बेताचा, आणि बिस्किटं ज्याची त्यानं आणायची."

ताई मुंबईत मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात वाढल्या. लंडनमध्ये त्यांच्या समाजाची मोजकीच घरे आहेत आणि तेथील तरुण पिढी आता इंग्रजीच बोलते. त्यामुळे मराठी माणूस भेटला की ताई त्याला सहजासहजी सोडत नाहीत, हे आपल्या येथील मराठी मंडळातील सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहिण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा मी संपादकांना कळवले की इतर लेखक ताईंचे गुण सांगतील, तसे ते मीही सांगेन. परंतु माझ्या हातून त्यांच्यावर दोन वर्षे अन्याय झाला आहे, आणि तो मंडळींच्या समोर मान्य केल्याशिवाय मला त्यांच्याविषयी एक ओळही लिहिता येणार नाही.

प्रथम त्यांच्या कामाविषयी. मुख्याध्यापक शाळा चालवतात. ती कशी चालते हे विचारणे गव्हर्नरांचे काम. विचारणे म्हणजे काय, ते मी ताईंकडून शिकलो. आयुष्यभर त्यांनी इस्पितळाच्या औषध विभागात काम केले असल्यामुळे कोणताही कागद त्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसा वाचतात. एका वर्षी आमच्या माध्यमिक शाळेचा, मुले वयाच्या सोळाव्या वर्षी देतात त्या परीक्षेचा निकाल एकदम वर गेला. पडद्यावर आलेख आला, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. ताईंनी चष्मा पुसला आणि विचारले की वर्षाच्या आरंभी या वर्गाच्या पटावर किती मुले होती. परीक्षेला बसलेल्या मुलांपेक्षा ती संख्या मोठी होती. अभ्यासात मागे असलेल्या काही मुलांच्या पालकांना 'मूल घरीच शिकवलेले बरे' असे हळुवारपणे सुचवण्यात आले होते.

ताईंनी आवाज चढवला नाही. "निकाल चांगला लागलाय," त्या म्हणाल्या, "पण तो उरलेल्यांचा आहे. गेलेल्यांचा कुठाय?" त्यानंतर त्या स्वतः त्या मुलांच्या घरी गेल्या. बहुतेक मुले परत आली, पुढच्या वर्षीचा निकाल खाली उतरला, आणि तो का उतरला हे सांगणारे पत्र ताईंनी स्वतःच्या सहीने प्रत्येक पालकाला पाठवले. अध्यक्षांनी उतरलेल्या निकालाचे श्रेय घेतल्याचे मी दुसरे उदाहरण पाहिलेले नाही.

आता ज्या निर्णयावरून माझ्या हातून तो अन्याय झाला, त्याविषयी. शाळेला पैसे पटावरच्या मुलांप्रमाणे मिळतात. घरभाडी वाढली, तरुण कुटुंबे दूरच्या गावी राहायला गेली आणि आमच्या सर्वांत लहान शाळेतील वर्ग रोडावत गेले. अंदाजपत्रक जुळले नाही, तर शाळाच बंद होणार होती. दोन पदांपैकी एक कमी करणे अटळ ठरले. एक पद शालिनीचे होते. दुसरे पद बालवर्गातील एका साहाय्यक बाईंचे होते, ज्यांचे नाव मी येथे देत नाही.

आमच्याकडे नियम असा की ज्या विषयात आपला हितसंबंध आहे, त्या विषयापुरते खोलीबाहेर जायचे. मी माझा हितसंबंध जाहीर केला आणि बाहेर जाऊन मुलांच्या कोटांच्या खुंट्यांखाली बसलो. पंधरा मिनिटांनी मला आत बोलावण्यात आले. मते समसमान पडली होती. अध्यक्षांनी आपले निर्णायक मत शालिनीचे पद कमी करण्याच्या बाजूने दिले होते. मी इतिवृत्तात माझी नापसंती नोंदवण्याची मागणी केली. हा निर्णय सहानुभूतिशून्य आहे, असे शब्द मी वापरले. ताईंनी सचिवांना सांगितले, "त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी विषयपत्रिकेबाहेर एक अक्षर बोललो नाही. पूर्वी त्या मला गाडीतून बैठकीला नेत. मी बसने जाऊ लागलो. 'ताई' हा शब्द सोडून 'अध्यक्ष महोदया' म्हणू लागलो. हे सर्व मी अत्यंत सभ्यपणे केले, आणि आज मला त्या सभ्यतेचीच अधिक लाज वाटते.

शालिनीचे वागणे मात्र बदलले नाही. सणाला ती ताईंसाठी डबा भरी आणि बैठकीला निघताना माझ्या हातात देई.

"हा मी नेणार नाही," मी एकदा म्हणालो.

"अहो, राग तुमचा आहे, पुरणपोळी माझी आहे," ती म्हणाली. "राग ठेवा जवळ. डबा द्या. आणि रिकामा परत आणा, मागच्या वेळी झाकण विसरलात."

मी डबा नेला आणि एखादे टपाल पोचवावे तसा अध्यक्ष महोदयांच्या हाती दिला. शालिनीच्या या वागण्याला मी तिच्या मनाचा मोठेपणा समजत होतो.

पुढे शालिनी आजारी पडली. शेवटच्या आठवड्यांत, इस्पितळात, तिने एके दुपारी मला जवळच्या खुर्चीवर बसायला सांगितले. "ते पद मीच काढायला सांगितलं होतं," ती म्हणाली. निर्णयापूर्वी कर्मचाऱ्यांशी अध्यक्षांची खासगी भेट होते, आणि तेथील बोलणे बाहेर जात नाही. त्या भेटीत शालिनीने ताईंना म्हटले होते, की त्या दुसऱ्या बाईंच्या पदरी दोन मुले आहेत, भाड्याचे घर आहे. आपल्याला नवऱ्याची पेन्शन आहे.

"मग मला का सांगितले नाहीस?"

"तुम्ही तत्त्वाचा प्रश्न केला असता. बरोबर तीन पानांचा." ती पुढे म्हणाली, "मीच त्यांना म्हटलं, यांना सांगू नका. मला वाटलं, महिनाभरात तुमचा राग जाईल. दोन वर्षं टिकेल असं नव्हतं वाटलं हो. त्यांना एकदा नीट भेटा."

मी भेटेन असे म्हणालो. परंतु त्यानंतर मी तिच्याजवळून हललो नाही, आणि भेट राहून गेली. शालिनी गेली.

तिसऱ्या दिवशी फ्लोराताई आमच्या घरी आल्या. मी दार उघडले. त्यांनी मान लववली, आत आल्या आणि समोरच्या बैठ्या स्टुलावर बसल्या. मीही बसलो. त्या काही बोलल्या नाहीत. घरी आलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने आधी बोलावे, आपण मध्ये तोंड घालू नये, हे माझ्यावरचे संस्कार. शिवाय माझी बाजू चुकीची. त्यांनी विषय काढावा, एखादा शब्द सुनावावा, म्हणजे मला क्षमा मागता येईल, अशी मी वाट पाहत होतो. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि गप्प होत्या. भिंतीवरच्या घड्याळात मी अर्धा तास जाताना पाहिला, मग पाऊण. माझी खात्री झाली की या बाईंनी मला क्षमा केलेली नाही. केवळ शालिनीसाठी त्या आल्या आहेत आणि माझ्याशी बोलण्याची त्यांची इच्छा नाही. हेच माझ्या वाट्याला यायला हवे, असेही मला वाटले.

माझी मुलगी मुक्ता चहा घेऊन दुसऱ्यांदा आली. ती येथेच जन्मली. तिचे मराठी तिच्या परीने चालते. "बाबा, पहिला चहा तसाच थंड झाली," ती म्हणाली. "आंटी, तुम्ही दोघं भांडण केला का? कोणी बोलतच नाही. वन अवर झाला."

ताईंनी तिच्याकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि तरीही त्या बोलल्या नाहीत. तेव्हा मला राहवले नाही. मी म्हणालो, "मुक्ता, ताईंनी काहीही केलेले नाही. चूक माझी आहे. दोन वर्षे माझीच चूक आहे."

फ्लोराताईंनी मोठा श्वास सोडला. "बोललात एकदाचे. माझे गुडघे आखडले हो," त्या म्हणाल्या. "आमच्यात दुःखाच्या घरी गेलं की ज्याचं माणूस गेलंय त्यानं आधी बोलायचं. तोवर आपण तोंड उघडायचं नाही. तो बोललाच नाही, तर तसंच बसून उठायचं."

"मला वाटले, आपण रागावल्या आहात."

"रागावले असते तर गप्प बसले असते? लिमये, इतकी वर्षं माझ्या बैठकांना बसलात. मी रागावले की बोलते."

मुक्ता हसली, आणि शालिनी गेल्यानंतर त्या घरात प्रथमच कोणी हसले. मी ताईंना म्हणालो, "एका वाक्यात आपण मला माझी चूक दाखवू शकत होतात. मी आपल्याविषयी इतिवृत्तात काय लिहवले, ते आपण दोन वर्षे सोसलेत."

"ते वाक्य माझं नव्हतं," त्या म्हणाल्या. "शालिनीचं होतं. तिनं सांगायचं ठरवलं, तिनं सांगितलं. आता चहा प्या, तो तिसऱ्यांदा करायला लावू नका पोरीला." मग त्या शालिनीविषयी बोलू लागल्या, ती मुलांना वाचायला बसवताना स्वतः मुद्दाम चुकीचे वाचून मुलांना त्या चुका काढायला कशी लावी, ते त्यांनी सांगितले. माझ्या पत्नीची ही युक्ती मला माहीत नव्हती.

पुढच्या बैठकीत मी माझी जुनी नापसंती मागे घेत असल्याची नोंद व्हावी, अशी विनंती केली. अध्यक्ष महोदयांनी ती फेटाळली. "विषयपत्रिकेत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच वाटत असेल तर दुसरीकडे कुठंतरी लिहा." म्हणून ती नोंद येथे करीत आहे. खासगी भेटीतील बोलणे मी उघड करीत आहे, ते जिचे होते तिनेच ते मला सांगितले म्हणून. ताईंनी आजही त्याविषयी एक शब्द काढलेला नाही.

ती लहान शाळा अजून चालू आहे. या वर्षी प्रवेशाचे अर्ज थोडे अधिक आले. बालवर्गातल्या त्या बाई अजून तेथेच आहेत. अंदाजपत्रक प्रत्येक वसंतात तितकेच अवघड असते, आणि ताई ते तितक्याच सावकाश वाचतात. हल्ली बैठकीला मी पुन्हा त्यांच्या गाडीतून जातो. त्या फार हळू चालवतात, आणि वाटेत शालिनीविषयी बोलायचे झाल्यास त्या मी सुरुवात करण्याची वाट पाहतात. बहुधा मी करतो.

आपल्याकडे मोठ्यांना शतायुषी होण्याच्या शुभेच्छा देतात. ताईंच्या समाजात शंभर अपुरी समजतात. तेथे एकशेवीस वर्षे मागण्याची रीत आहे. मी त्यांच्या रीतीने मागतो. फ्लोराताईंना एकशेवीस वर्षांचे निरामय आयुष्य लाभावे, त्यांचे गुडघे आणि दृष्टी शाबूत राहावी. आणि देणाऱ्याने हिशेब करताना माझ्या अबोल्याची दोन वर्षे त्यांत धरू नयेत, ती वेगळी द्यावीत.