चौकशीचा फोन

चैत्रातल्या एका दुपारी आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन सुरतेत अडाजणच्या बागेत बसायचं, हा आम्हा तिघी मैत्रिणींचा बारा वर्षांचा नेम. त्या दुपारी मात्र मला घास गोड लागत नव्हता. बारडोलीच्या स्थळाने माझ्या मुलीला नकार कळवला होता. मुलगा साखर कारखान्यात इंजिनिअर, दोघं दोनदा भेटून खूश, आणि मग फोनवर नुसतं, "योग दिसत नाही." कारण नाही, काही नाही. मी त्या घराण्याचा यथेच्छ उद्धार करत होते.

"मला चौकशीचा फोन आला होता त्यांचा," शाळेत शिकवणारी मैत्रीण डाळ चिवडत म्हणाली.

येणारच. तिचा नंबर मीच दिला होता. आपल्या माणसाने चार शब्द बरे सांगावेत, एवढ्यासाठीच तर तो द्यायचा असतो.

"मग काय सांगितलंस?"

"पोरगी सोन्यासारखी आहे म्हटलं. मग त्यांनी विचारलं, आई कशी आहे?"

"आणि?"

"फार तापट आहे म्हटलं. लेकीच्या संसारात लक्ष घातल्याशिवाय राहायची नाही. अगं, लपवलं असतं तर उद्या पोरीलाच भोगावं लागलं असतं."

मी ताडकन उठले. केसाने गळा कापलास, म्हणाले. तुझी डाळ बारा वर्षं मी तोंड वाकडं न करता गिळली, म्हणाले. पन्ह्याचा थर्मास लाथेने उडवला. तिसरी, बँकेतली, मान खाली घालून चमचे गोळा करत होती. तिचं ते गप्प राहणं मला जास्तच झोंबलं, म्हणून तिलाही झाडलं. झाडाखाली आडवा झालेला माळी उठून बसला. "बेन, जरा धीमे बोलो ने." मी त्यालाही सोडलं नाही.

मला दम लागेपर्यंत शिक्षिका थांबली. मग हळूच म्हणाली, "आता तूच सांग, मी खोटं काय सांगितलं?"

मी डबा पिशवीत कोंबला आणि रिक्षा केली. ती खरं बोलली म्हणून तिला मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मुलगी दारातच उभी होती. "आई, काही कळलं का गं? का नाही म्हणाले ते?"

"त्यांना गोरी सून हवी होती," मी म्हणाले.