चौदाव्या वर्षाचं मत

आमच्या घाटकोपरच्या चाळीत संडासाच्या रांगेत उभं राहून राज्यघटना वाचणारा एकच माणूस होता. नंबर आला तरी बॅरिस्टरकाका पान सोडत नसत. मागच्याला म्हणत, "तू हो पुढे. माझे मूलभूत हक्क चाललेत." ते बॅरिस्टर मुळीच नव्हते. मॅट्रिकला दोनदा आपटून विक्रोळीच्या एका कारखान्यात हजेरी घेत. पण नळावरच्या भांडणातही ते कलम काढत, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं निघे.

पंचवार्षिक योजनेतला तरुणांचा सहभाग त्यांना फार प्रिय. आमच्याकडे सहभाग म्हणजे मुलांनी गणपतीच्या खुर्च्या उचलायच्या आणि मोठ्यांनी त्यांवर बसायचं. काकांनी समितीत ठराव आणला : चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला चाळीच्या सभेत मत.

सेक्रेटरी अण्णा म्हणाले, "देशात एकवीस लागतात."

"कारखान्यात चौदाव्या वर्षी घेतात ना? कायद्याला त्यांचा घाम चालतो, मग हात का नाही? आपण देशाच्या पुढे जाऊ."

"आधी संडासाची कडी बसवा, मग जा पुढे."

ठराव मात्र पास झाला. सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

त्याच सुमारास तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. मी आता कॉलेजात जाते, आमच्या घरातली पहिलीच. तेव्हा मॅट्रिकला होते. घरात आठ माणसं, एक कंदील. वाचायला बसले की कुणाचा तरी पाय माझ्या भूगोलावर. नापास झाले तर आई मालवणचं स्थळ पक्कं करणार होती. मला ती खोली अभ्यासाला हवी होती. पण सभेत मुलांनी भराभर हात वर केले आणि ती कॅरमला गेली. मुलगी एकही हजर नव्हती. काका खट्टू झाले, पण "लोकांचा कौल" म्हणत स्वतःच खेळायला बसले.

दोन दिवस मी जिन्यात घुटमळले. शेवटी आत जाऊन म्हटलं, "काका, सभा पाचला होती."

"मग?"

"पाचला नळ येतो."

स्ट्रायकर त्यांच्या बोटाखाली तसाच राहिला. "म्हणजे तुम्ही सगळ्या..."

"हंडे भरत होतो."

"अर्धे मतदार पाण्याला पाठवून मी लोकशाही चालवली," ते म्हणाले. "शालू, चुलीत घाला मला."

पुढची सभा नळ गेल्यावर झाली. मुली ओल्या परकरांनीच आल्या. आई दारातून पुटपुटली, "ह्या बॅरिस्टराक दुसरो धंदो नाय काय गो?" पण तिने मला अडवलं नाही. काकांनी मला उभं केलं. "तू बोल. मी बोललो तर कलम चुकेल." मी काय बोलले ते धड आठवत नाही, बहुधा भूगोलावरच्या पायांबद्दलच. दिवेलागणीपर्यंत कॅरम, पुढे अभ्यास, असं ठरलं.

माझ्या परीक्षेआधीच काका चेंबूरला राहायला गेले. घटनेचं पुस्तक मागितलं तर म्हणाले, "तुमचं तुम्ही विकत घ्या." ते गेल्यावर आठवडाभरात समितीने चौदाव्या वर्षाचं मत रद्द केलं. अण्णा ते सांगायला खोलीत आले. आम्ही सातजणी वाचत होतो.

"आजपासून तुम्हाला मत नाही," ते म्हणाले. "खोलीचं काय ते आम्ही बघू."

एकीनेही पुस्तक मिटलं नाही. अण्णांनी आमच्या कंदिलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वात जरा खाली करा, काच काळी पडतेय," आणि दार लोटून निघून गेले.