बॅकअपमधली आई
कूलरला नवा वाळा लावला की त्याच्या ओल्या वासानं मला मे महिन्यातली ती दुपार आठवते. नागपूरच्या उन्हाळ्यात आमचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता. त्याच्या दोन वर्षं आधी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तिला फक्त कुजबुजता यायचं. नवा कॉम्प्युटर आणल्यावर मी कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क काढून त्याला जोडली. मिहानमधल्या आयटी कंपनीतल्या नोकरीनं लावलेली सवय म्हणून मी घरचाही बॅकअप घ्यायची, पण त्यात काय काय साठलंय ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. फोटो नीट उघडतात का ते बघताना एक व्हिडिओ सुरू झाला. गच्चीवर भिवापुरी मिरच्या पसरलेल्या, आणि आईचा खणखणीत आवाज, "अहो, मिरच्या हालवा म्हटलं, तं तुम्ही पेपर वाचून राहिले!" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. तिला वाईट वाटेल म्हणून मी घाईनं व्हिडिओ थांबवला. "काहून बंद केलं वं?" माझ्यामागे पलंगावर बसलेले बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "हा आवाज मी विसरत चाललो होतो." आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन कुजबुजली, "मंग आयका आता पोटभर." मी व्हिडिओ पुन्हा लावला. स्वतःचंच रागावणं ऐकून आई आवाज न करता हसत राहिली. आता त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही मी बॅकअप घ्यायला बसले की बाबा माझ्या शेजारी स्वतःसाठी आणि आईसाठी दोन खुर्च्या आणून ठेवतात.