वहिनीचं शेवटचं ओरडणं

माझी वहिनी आजवर तीन-चार हजार वेळा तरी मेली असेल. थापा नाही मारत. दर वेळी काचेच्या अलीकडे कानाला हेडफोन लावून मीच बसलेली असायचे.

मी स्टुडिओत रेकॉर्डिंग करते आणि वहिनी व्हिडिओ गेममधल्या बायकांसाठी ओरडते. त्या बायकांची वाक्यं बोलायला एक तरुण, नाव कमावलेली मुलगी येते. वहिनीच्या वाट्याला उरलेलं. लागणं, पडणं, धापा टाकणं, मरणं. हातात कागदच देतात: छोटा मार दहा, मोठा मार दहा, मरण तीन तऱ्हेचं. सतरा वर्षांपूर्वी एक बाई ऐनवेळी आली नाही म्हणून मीच वहिनीला घरून ओढून आणलं होतं. "वन्सं, मला ओरडण्याशिवाय काय येतं हो?" ती म्हणाली. म्हटलं, तेच हवंय. वयाने मी धाकटी, पण मला वन्सं म्हणून अहो-जाहो करण्यात तिला कोण मजा वाटते.

सुरुवातीला ती घरी सराव करायची. शेजारचे दोनदा धावत आले आणि माझ्या दादाकडे असे काही बघायला लागले की तो बिचारा जिन्यातून मान खाली घालून जायचा. तेव्हापासून ती कपाट उघडून, टांगलेल्या कपड्यांत डोकं खुपसून ओरडते. कामावर येताना केळं खाऊन येते, कारण पोटाची गुरगुरसुद्धा माइकला ऐकू जाते. बांगड्या काढून ठेवते, पोटाला उशी बांधते आणि आपल्याच मुठीने त्या उशीवर गुद्दे मारते, म्हणजे श्वास खरोखर तुटतो. पन्नाशी उलटली तरी हेच. घरी गेल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि मग सगळ्यांचा स्वयंपाक.

कष्टाचं तिला काही वाटत नाही. वैताग होता तो गोडपणाचा. आमचा दिग्दर्शक पस्तिशीचा, सभ्य माणूस, कधी आवाज चढवणार नाही. पाठीमागे आम्ही त्याला साखऱ्या म्हणतो, कारण त्याची सूचना कायम एकच: "लागलंय, पण ऐकायला गोड वाटलं पाहिजे." समोर पडद्यावर बाई उभी असते. तिला चिलखत असतं, पण छाती, पोट आणि मांड्या सोडून उरलेल्या जागेवर. तिला भाला लागला की तिने ओठ विलग करून हलकासा उसासा टाकायचा. "वन्सं, हिच्या पोटात भाला घुसलाय की हिला कुणी गुदगुल्या करतंय?" वहिनी माइकमधूनच विचारायची. मी हसायचे आणि पुढचा टेक लावायचे. एरवी मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, भाजीवाला मला लांबून बघूनच तराजू सरळ धरतो. पण साखऱ्यासमोर इतकी वर्षं मूग गिळून बसले.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या, म्हणजे वहिनीच्या लेकीच्या, कॉलेजात कुणीतरी अशाच एका गेममधले बाईचे आवाज चित्राशिवाय, एकापुढे एक जोडून वर्गात लावले. चित्र काढून घेतलं की ते आवाज कसले वाटतात, हे मी सांगायला नको. सगळा वर्ग खिदळला. भाचीने मात्र आईचा आवाज ओळखला. घरी येऊन एवढंच म्हणाली, "आई, तू दुसरं काही काम का नाही बघत गं?" त्यानंतर त्या विषयावर मायलेकींत चकार शब्द नाही. वहिनी भांडी घासता घासता मला म्हणाली, "मी मार खाल्ल्यासारखी ओरडते हो वन्सं, आणि लेकीला भलतंच ऐकू आलं." मला इतकी लाज वाटली की मी फडकं घेऊन पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत बसले.

यंदा डॉक्टरांनी सांगून टाकलं, घशात गाठी आल्यात, हातातला हा गेम संपला की ओरडणं बंद. या गेमचं पोस्टर स्टुडिओच्या दारावरच लावलं होतं. 'ती कुणापुढे झुकत नाही.' चिलखत नेहमीचंच, भोकाभोकांचं. पण वहिनी त्या ओळीला भुलली. "वन्सं, हिला एकदा तरी खरं लागू दे," ती म्हणाली. "शेवटचंच आहे. लेकीला ऐकवीन. आईला लागलं की कसं लागतं ते कळू दे तिला."

शेवटच्या दिवशी दुपारी साखऱ्याच्या मनासारखे चाळीस आवाज देऊन झाले. शेवटचं मरण उरलं होतं. वहिनीने पोटाची उशी सोडली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "साहेब, एक माझ्या मनासारखं घेऊ?" साखऱ्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "घ्या."

ती ओरडली. बेंबीच्या देठापासून. मी तो आवाज आयुष्यात एकदाच ऐकला होता. भाची सात वर्षांची असताना तिने खेळता खेळता इमारतीचं लोखंडी फाटक आपटलं आणि वहिनीची बोटं त्यात सापडली. मी दोन मजले वर होते. खालून जे ऐकू आलं ते बाईचं की पुरुषाचं की गुराचं, काही कळेना. जाड, ओबडधोबड, शेवटी घशात घरघरत विझणारं. तेच आता माझ्या कानात होतं.

साखऱ्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "बघू, विचार करतो." वहिनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ती बांगड्या चढवून निघून गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, तो टेक उडवून टाका. जबरदस्त आहे, पण बाई वाटत नाही. खेळणाऱ्याला तिच्याकडे बघायची भीती वाटेल."

मी उडवला नाही. पण भांडलेही नाही. आठवड्याभराने आमच्याकडचाच एक जण, जनावरं-राक्षसांचे आवाज जमवणारा, डोकं धरून बसला होता. दलदलीतल्या एका जनावराचं मरण त्याला काही केल्या जमेना. मी तो टेक त्याला दिला. म्हटलं, वाया तरी जायला नको. त्याने तो जसाच्या तसा लावला, जराही बदल न करता. वहिनीला मी सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत गेम बाजारात आला.

रविवारी दुपारी वहिनीने मला जेवायला बोलावलं. जेवणं झाली, दादा आत जाऊन आडवा झाला. वहिनी लेकीला म्हणाली, "लाव गं तो गेम. माझा शेवटचा आहे, एवढा एक बघ." भाचीने तोंड वाकडं केलं, पण लावला. मी सोफ्याच्या कडेला चोरासारखी बसले.

गेममधल्या बाईला मार लागायला लागला. उसासे, हुंकार, सगळं गोड. भाचीचा अंगठा सवयीने आवाज कमी करत गेला. "थांब ना," वहिनी म्हणत होती, "मरू दे तिला, मग कळेल." बाई एकदा मेली, हलकेच, ओठ उघडे ठेवून. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "नाही घेतला वाटतं," ती म्हणाली आणि हाताने गुडघे चोळत बसली.

मग दलदल आली. भाची खेळण्यात पटाईत, पाच मिनिटांत तिने त्या जनावराला लोळवलं. आणि ते ओरडलं.

भाचीच्या हातातला कंट्रोलर मांडीवर पडला. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, तिच्या उजव्या हाताच्या वाकड्या राहिलेल्या बोटांकडे पाहिलं. "आई," ती म्हणाली, "हे फाटकाचं आहे."

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "माझं मरण जनावराला दिलंत होय?"

मी म्हणाले, हो. सगळं सांगितलं, साखऱ्या काय म्हणाला तेही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती "हं" म्हणाली. फार थकल्यासारखी.

भाचीने खेळ मागे नेऊन दलदल पुन्हा सुरू केली आणि आवाज पूर्ण वाढवला. तिला तो परत ऐकायचा होता. पण जनावर समोर आलं तरी तिची बोटं हलेनात. त्याने गेममधल्या बाईला मारलं. बाई उसासा टाकून मेली. भाचीने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तलवार खाली ती खालीच. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि घरभर तो गोड उसासा घुमत होता.

"अगं, मार की त्याला," वहिनी म्हणाली. "दोन्हीकडून मीच मरतेय. कुणातरी एकीला संपव, म्हणजे मी चहा टाकायला मोकळी."

भाचीने मान हलवली. तिच्याने ते होईना. शेवटी चहा मीच टाकला.