यादीतलं दुसरं नाव

ट्विला हेस्लर आमच्या कॉर्लिस गावात रक्त काढते. नेब्रास्काच्या या टोकाला क्लिनिक एकच, आणि डॉक्टर येतो फक्त गुरुवारी, तोही ऐंशी मैलांवरून. बाकीचे दिवस ट्विलाच असते. अर्ध्या गावाच्या शिरा तिला तोंडपाठ आहेत. साखर कारखान्यातल्या ऑस्करचे डोळे पिवळे झालेत हे त्याच्या बायकोच्याही आधी तिला दिसलं. तिने त्याला खुर्चीत बसवून ठेवलं आणि डॉक्टरला फोन लावला. ऑस्कर आज चालता-बोलता आहे. गाव म्हणतं, "आपली ट्विला म्हणजे अर्धी डॉक्टर." ते ऐकलं की मी दुसरीकडे बघतो. ती पूर्ण डॉक्टर झाली नाही, याला कारण मी आहे.

मी व्हर्नन डीट्झ. गावच्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं माझं काम एकच, शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढे कुठल्या कॉलेजात जायचं ते सांगणं. माझ्या खोलीत देशाचा नकाशा होता. मूल जिथे जाईल तिथे मी टाचणी टोचायचो. सगळ्या टाचण्यांची गर्दी नेब्रास्कात, चार-दोन कोलोरॅडोत. पूर्वेकडे, समुद्राच्या काठाला, जिथली कॉलेजं नुसती नावानेच माणसाला ताठ उभं करतात, तिथे एकही नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी चेष्टा व्हायची. "व्हर्नन, तुझ्या पोरांना समुद्राची भीती वाटते का रे?" मी हसायचो, पण ते मला लागायचं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. आमच्यासारख्या डॉक्टर नसलेल्या भागांसाठी राज्याच्या कॉलेजाने राखीव जागा ठेवली होती. आमच्या जिल्ह्याला एक. चार वर्षं तिथे शिकायचं, मार्क राखायचे, की मेडिकलची जागा पक्की. अट एवढीच, की डॉक्टर होऊन गावाकडे परत यायचं. मार्चमध्ये यादी माझ्याकडे आली. पहिलं नाव बँकेच्या मॅनेजरची मुलगी कोर्टनी ब्रँडल हिचं, दुसरं ट्विलाचं. पहिलीने पंधरा एप्रिलपर्यंत नकार दिला तर जागा दुसरीला. त्यानंतर कुणालाच नाही.

कोर्टनी पूर्वेकडच्या एका बड्या कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर होती. पंधरवडाभर ती माझ्या खोलीत फेऱ्या मारत होती.

"सर, इकडे हो म्हटलं आणि तिकडून बोलावणं आलं तर?"

"तर जायचं तिकडे."

"पण दोन ठिकाणी हो म्हणायचं नसतं ना? दुसरीकडे कुठे नाव नाही, अशा कागदावर तुमची सही लागते."

"सही मी करतो. तपासायला कोण येतंय इथे?"

दोन दगडांवर पाय ठेवू नये, हे मी दरवर्षी पालकसभेत सांगायचो. तिला मात्र मीच ठेवायला लावले. मला ती समुद्रकाठची टाचणी हवी होती, दुसरं काही नाही. कोर्टनीचा तरी दोष काय, अठरा वर्षांची पोर. मी अठ्ठेचाळीसचा होतो.

ट्विला दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत यायची. तिची आई कारखान्यात पाळ्या करायची, बाप कधीच निघून गेलेला. ती दारात उभी राहूनच विचारायची, "सर, काही कळलं?" एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी तिने वेगळंच विचारलं. "सर, माझं नाव किती जवळ होतं? थोडक्यात हुकत असेल तर मी थांबते."

दुसरं, असं सांगितलं असतं तर ती पहिलीला जाऊन भेटली असती. कोर्टनीने खरं सांगून टाकलं असतं, आणि माझी सही उघडी पडली असती. मी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

"खूप खाली होतं, बाळ. उगाच आशा लावून बसू नकोस. शास्त्र सगळ्यांना झेपतंच असं नाही. आपला वकूब लवकर कळलेला बरा."

तिचा चेहरा लाल झाला. "थँक यू सर," म्हणाली आणि गेली. त्याच आठवड्यात तिने इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात रक्त काढण्याच्या कोर्सला नाव घातलं.

एक मे रोजी आमच्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या नव्या कॉलेजचा टी-शर्ट घालून येतात. जिममध्ये नावं पुकारली जातात, टाळ्या पडतात, मग सगळ्यांना जेवणाला चिलीचा गरम रस्सा आणि गोड सिनॅमन रोल. कोर्टनीला आदल्याच आठवड्यात बोलावणं आलेलं. ती पूर्वेकडच्या कॉलेजच्या टी-शर्टमध्ये आली. जिल्ह्याची राखीव जागा वाया गेली होती आणि मी टाळ्या वाजवत होतो. ट्विलाच्या कोर्सला टी-शर्टच नव्हता. ती इस्त्री केलेल्या पांढऱ्या ब्लाउजमध्ये आली आणि तिने सगळ्यांत जास्त टाळ्या कोर्टनीसाठी वाजवल्या.

कोर्टनीने दुसऱ्याच वर्षी रसायनशास्त्रापुढे हात टेकले. आता डेन्व्हरमध्ये घरं विकते, मजेत आहे. गावचे म्हातारे डॉक्टर गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मी निवृत्त झालो, मला घड्याळ मिळालं. जनाची लाज मी कधीच बाळगली नाही, कारण जनाला काही माहीत नव्हतं. मनाची मात्र सुटली नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ट्विला मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी जोसी, अठरा वर्षांची, हनुवटी आईसारखी. ट्विलाने टेबलावर दोन पत्रं ठेवली. एक इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजचं, एक्स-रेच्या कोर्सचं. दुसरं राज्याच्या कॉलेजचं. तीच राखीव जागा, आणि या वेळी यादीत पहिलं नाव जोसीचं होतं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

"सर, हिला जरा समजवा," ट्विला म्हणाली. "मोठ्या ठिकाणी जायचं म्हणते. तिकडे आपटली तर उठायची नाही. आमच्या घरात ते डोकं नाही. तुम्ही मला वेळेवर स्पष्ट सांगितलंत, मी वाचले. हिलाही सांगा. तुमचं ऐकेल."

"आई, मला नाइन्टी-सेव्हन आहेत बायोलॉजीत."

"मलाही होते," ट्विला म्हणाली. "मार्कांवर जाऊ नकोस."

मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. गप्प बसणं फार सोपं होतं. शुक्रवार गेला असता, पोरगी एक्स-रे शिकली असती आणि ट्विलाने मला नाताळला कुकीज पाठवल्या असत्या, दरवर्षी पाठवते तशा. पाणी न घेताच मी बाहेर आलो.

"ट्विला, तुझं नाव खाली नव्हतं. दुसरं होतं."

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. कोर्टनी, सही, पंधरा एप्रिल, टाचणी. माफ कर असंही म्हणालो, पण ते मलाच ऐकवेना.

जोसी आईकडे बघत राहिली. ट्विलाने एक्स-रेचं पत्र उचललं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि दुसरं मुलीच्या हातात दिलं.

"आज रात्रीच भर," ती म्हणाली. "गाडीत जाऊन बस. मी आलेच."

जोसी गेल्यावर ती कोटाची बटणं लावत उभी राहिली. तिचे हात कधी थरथरत नाहीत, तेव्हाही नव्हते.

"त्या मंगळवारी घरी जाऊन मी आईला म्हटलं, मी मठ्ठ आहे म्हणून नाही मिळालं. ती म्हणाली, माझ्यावर गेलीस, माझीच चूक." ती दाराकडे वळली. "आई गेली सर, सहा वर्षं झाली. तिला कोण सांगणार आता?"

तिने दार हळूच लावून घेतलं.